पश्चिमेकडं कललेली फळी

एकसष्ट सालच्या थंडीत भिलाईमधी लोखंड सोडून बाकी सारं मिळत होतं. भट्टी धडधडत होती, मालगाडीचे डबेच्या डबे लोखंड घेऊन बाहेर जात होते, आन् मले छातीएवढ्या उंचीचा एक पाइप पाहिजे होता तो मिळत नव्हता. स्टोअरवाला बोलला, इंडेंट म्हणजे मागणीचा कागद आणा. इंडेंट नेला तं बोलला, ह्याच्यावर सायंटिफिक काम लिहिलं हाये, आमच्यापाशी सायंटिफिक पाइप नाई. साधा चालते म्हटलं तं बोलला, मंग साधा लिहून आणा. साधा लिहून आणला तवा साध्याचा कोटा संपला होता.

मी दयाराम बोपचे. गाव लाखनीकडचं, जिल्हा भंडारा. टाउनशिपचे नकाशे जिथं निघत तिथं मी ड्राफ्ट्समन होतो. पाइपाची गरज मले माझ्यासाठी नव्हती, बायकोसाठी होती. म्हणजे झालं असं.

आमचं लग्न होऊन गेलं होतं, पण कलावती अजून माहेरीच. तिचा बाप रामाजी, म्हणजे माझे सासरे, मामाजी, एकदा माझी राहायची सोय पाहायले आले. तवा मी लेबर कॅम्पात टिनाच्या शेडमधी राहत होतो, आणखी पाच गड्यांसोबत. दिवस चैताचे. मामाजीनं भिंतीच्या टिनाले हात लावला, हात पोळला, तो त्यांनी धोतराले पुसला आन् पिशवी उचलली. जाताना बोलले, "जवाईबुवा, पोरगी तुमचीच हाये. पण ती पापड नोय भाजायले. पक्कं छत दाखवा आन् घेऊन जा."

पक्कं छत मिळणार होतं. सेक्टर सहाच्या कडेले क्वार्टरची एक नवी लाइन उभी झाली होती आन् शेवटच्या क्वार्टरवर माझं नाव लागलं होतं. भिंती होत्या, खिडक्या होत्या, दारं होती. छत नव्हतं. छत अडवून धरलं होतं भेंडारकर साहेबानं.

देवानंद भेंडारकर म्हणजे आमचे साहेब. माणूस चांगला, फक्त वाचत फार. त्यांच्या हाती अमेरिकेचं एक मासिक लागलं, त्यात लिहिलं होतं का उतरत्या छतावर उन्हाची जी गरमी पडते ती सूर्यापासून थेट येते तेवढीच नसते. आभाळात धूळ हाये, धूर हाये, त्यातून ऊन विखरून चारी बाजूनं येते, तेही मोजलं पाहिजे. भिलाईत तं ही गोष्ट पोरासोरालेही पटली असती. कारखाना सुरू झाल्यापासून आमचं आभाळ निळं कमी आन् ताकासारखं पांढरं जास्त. माणसाची सावली पडे ती पण फिकी, धुतल्यासारखी. साहेबानं ठरवलं का छताचा उतार कोणत्या दिशेले किती ठेवायचा हे आधी मोजून काढायचं, मंगच छत टाकायचं. आन् मोजायचं काम मले दिलं, कारण लवकर छत पाहिजे असा ऑफिसात मी एकटाच होतो.

काम सांगायले सोपं. काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती. तिच्यावर उजेड पडला का ती तापते, तापली का तारेतून बारीकसा करंट निघते, आन् तारेच्या दुसऱ्या टोकाले मीटरचा काटा हलते. चकतीच्या वर एक लोखंडी कमान. कमानीची सावली चकतीवर राहते, म्हणजे सूर्य झाकला. मंग जो उरला तो आभाळाचा विखुरलेला उजेड. चकती सपाट ठेवली तं तिले सारं आभाळ दिसते. फळीवर बसवून तिरपी केली तं थोडं आभाळ सुटते आन् थोडी जमीन दिसते. जमीनही उजेड वापस फेकतेच. ह्या साऱ्याचा हिशेब मासिकात होता. हिशेबानं किती यायले पाहिजे आन् खरंच किती येते हे चारी दिशांनी जुळवायचं, बस. जुळलं का छत. छत झालं का कलावती.

हिशेब अमेरिकेचा, यंत्र रशियाचं आन् कामावर आमी दोघं भंडाऱ्याचे. देशाचं सारं परराष्ट्र धोरण एका फळीवर बसलं होतं. दुसरा म्हणजे कवडू, आमच्या ऑफिसचा खलाशी, म्हणजे सामान उचलणारा गडी, साकोलीचा. यंत्रासोबत कमान आलीच नव्हती, तं कवडूनं आपल्या सायकलची रिम कापून दिली. मंग रोज सकाळी पायी येई आन् मले सांगे का तुमच्या सासऱ्यापायी मी पायदळ झालो.

खांबही त्यालेच सापडला.

आमच्या बिनछताच्या लाइनीच्या पश्चिमेले एक मोठं सपाट मैदान होतं. लाल मुरूम टाकलेला, रोलर फिरवलेला, रिकामं. त्याच्या मधोमध एक लाकडी खांब जमिनीतून वर आला होता, छातीएवढा, काळा कुळकुळीत. वरच्या टोकाले कोणी हळद लावली असन, पिवळे डाग होते. कवडूनं पटाशी घेऊन ते तासून काढले, टोक सपाट केलं आन् आमी फळी ठोकली. स्क्रू आत जाता जाता आमच्या तळहाताले फोड आले, इतकं टणक लाकूड. कवडू लय खूश. बोलला, लोखंडाच्या कारखान्यात लोखंडापेक्षा टणक वस्तू फुकटात भेटली.

एवढ्या मोठ्या मैदानात एकटा खांब मधोमध कावून उभा हाये, हे आमी नाई विचारलं. फुकट मिळालेल्या वस्तूले कोणी विचारते काय?

सुरुवातीले अडचणी आल्या त्या साध्या होत्या. कावळा घुमटावर बसे. साहेबानं सांगतलं का कावळ्याले हाकलू नका, तो तात्पुरता ढग समजून वेगळा लिहा. मंग एक बकरी येऊन तार चघळून गेली आन् त्या दुपारी आभाळाचा सारा उजेड बकरीच्या पोटात गेला. असं चालू होतं. पण फळी सपाट ठेवली तं आकडा बरोबर येई. पूर्वेकडं कलवली, जुळलं. दक्षिणेकडं कलवली, जुळलं. उत्तरेकडं, जुळलं. मी मनात मामाजीले पत्र लिहायलेही घेतलं होतं.

पश्चिमेकडं कलवली आन् काटा वर गेला तो खाली येईना.

साहेब बोलले, समोर पांढरं काही असेल, बघ. समोर मुरूम. एका मजुरानं दूर धोतर वाळत घातलं होतं, ते काढायले लावलं. तो बिचारा लुंगीवर उभा राहून आमचा कारभार पाहत होता. काटा तिथंच. लांब चुन्याची ढेरी होती, तिच्यावर पोती टाकली. काटा तिथंच. घुमट पुसला, तार बदलली, चकती उघडून पाहिली. मी पण हट्टाचा माणूस. म्हटलं, चार दिशांतल्या तीन सरळ हायेत तं चौथी कुठं जाते.

मंग मी फळी आणखी कलवली, इतकी का चकतीले आभाळ कमी आन् जमीनच जास्त दिसावी, आन् सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत आकडे घेतले. सकाळी मुरूम मुरमासारखा वागला. पण सूर्य जसा पश्चिमेले उतरत जाय तसा खालून येणारा उजेड वाढत जाय. मुरूम असं करत नाई. मुरूम गरीब हाये, दिवसभर सारखाच देते.

मी त्याचा ग्राफ काढून साहेबाच्या टेबलावर ठेवला. साहेब आधी धरणाच्या कामावर होते. त्यांनी ग्राफ पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला.

"दयाराम, हा पाण्याचा ग्राफ आहे."

"साहेब, तेथं मुरूम हाये."

"पाऊस?"

"दिवाळीपासून थेंब नाई."

"मग परत मोज," साहेब बोलले. "आकडे जुळल्याशिवाय मी उतार ठरवणार नाही. आणि उतार ठरल्याशिवाय स्लॅब नाही."

मी परत मोजलं. मी कितीदाही मोजलं असतं.

त्याच आठवड्यात म्हैस आली. थंडी सरून ऊन तापू लागलं होतं. कोणाची होती कोणास ठाऊक, भर दुपारी मैदानात शिरली आन् आमच्या खांबाच्या पश्चिमेले, आमची फळी जिकडं पाहत होती तिकडंच, खाली बसली. कवडू हसला, बोलला हिले पण क्वार्टर अलॉट झालं. पण ती बसली ती नुसती बसली नाई. म्हैस पाण्यात बसते तशी बसली. मान वर, नाक वर, डोळे मिटून, अधूनमधून फुर्र करे. कान हलवून काहीतरी झटके. खालचा मुरूम तापलेला होता, मी चप्पल घालून उभा होतो तरी तळपायाले चटका लागत होता. तासाभरानं ती उठली, अंग झाडलं आन् चालली गेली. तिचं अंग कोरडं होतं. पण जाताना ती काठ चढावा तशी चढत गेली, पुढचे पाय टेकवून टेकवून. मैदान तं सपाट होतं.

कवडू त्या दिवशी परत हसला नाई.

राधाबाई म्हणून एक म्हातारी छत्तीसगढीण डोक्यावर टोपली घेऊन बोरं विकायले येई. तिचं गाव त्या बाजूलेच होतं. मैदान ओलांडलं तं ती सरळ आमच्यापाशी येती, पण रोज कडेकडेनं पुरा वळसा घालून येई, म्हातारे पाय ओढत. कवडूनं एक दिवस तिची फिरकी घेतली, का आजी, मधून यायले टॅक्स लागते काय.

ती टोपली उतरवत बोलली, "लुगरा भींज जाही, बेटा."

लुगडं भिजन म्हणे. अशी बोलली जशी बाजारभाव सांगून राहिली. मी तिच्यापाशी बसलो, बोरं घेतली आन् विचारलं. तिनं सांगतलं ते असं का तिथं तलाव होता, त्यांच्या बोलीत तरिया. त्यांच्याकडं तलाव खोदला का त्याचं लग्न लावतात. हळद लावतात, वाजंत्री वाजते, जेवणं होतात, आन् मधोमध सरईच्या लाकडाचा खांब गाडतात. तो नवरा. लग्न झाल्याशिवाय त्या पाण्याले कोणी शुभ कामात वापरत नाई. ह्या तरियाच्या लग्नात ती स्वतः वरातीत नाचली होती, तवा तिचे सारे दात होते. मंग ही टाउनशिप आली, ट्रक आले, मुरूम पडला.

मी बोललो, मंग तं संपलं ना सारं. तलाव बुजला.

राधाबाईनं खांबाकडं हनुवटी केली. "गोसइया ठाढ़े हे, त गोसाइन कहाँ जाही?"

नवरा उभा हाये, तं बायको जाणार कुठं. कवडूनं माझ्याकडं पाहिलं आन् मी बोरातली अळी पाहू लागलो. माझ्या मनात खरं सांगायचं तं तलाव नव्हता, कलावती होती. मी इथं उभा हाये तरी माझी बायको लाखनीलेच कावून हाये, असं आलं मनात.

दुसऱ्या दिवशी खंड्या आला. निळा पक्षी, लांब चोच. रिमच्या कमानीवर बसला, मान वाकडी करून खाली पाहू लागला. मी आकडा घ्यायचा थांबलो. तो दगडासारखा खाली गेला. कवडू बोलला, मेला, चोच मोडली त्याची. मी पण तेच समजलो. मले मुरमावर आपटल्याचा आवाज ऐकू यायले पाहिजे होता. आवाज नाई आला. आन् पुढच्या घडीले तो परत कमानीवर होता, अंग फुलवून झाडत होता, आन् काचेच्या घुमटावर बारीक थेंब पडले. मीटरचा काटा थोडा खाली आला, थेंब सुकले तसा वर गेला.

साहेबाले सांगतलं. साहेब बोलले, पक्षी मुततात.

पण साहेब बुद्धीचा माणूस होता, त्यांनी ह्या गोष्टीचा पिच्छा सोडला नाई. संध्याकाळी स्वतः आले, पँटची इस्त्री सांभाळत मैदानातून चालत खांबापाशी गेले, हात लावला. हात ओला झाला. मी लावला, माझाही झाला. लाकूड आतून पाझरत होतं. साहेबाचं तोंड असं उजळलं का मले वाटलं आता मिठी मारतात. बोलले, "मिळालं. खांब ओला आहे, तारेतला करंट ओलाव्यातून गळतो आहे, म्हणून काटा चुकतो. तळं नाही, म्हैस नाही, काही नाही. खांब काढा."

पटण्यासारखं होतं. मंग पूर्वेले आन् दक्षिणेले काटा कावून चुकला नाई, हे मी विचारू शकलो असतो. पण मले छत पाहिजे होतं, आन् साहेबानं दिलेलं कारण मले छताकडं नेत होतं. मी कवडूले बोललो, साखळी आण.

डंपरले साखळी बांधून खांब ओढला. आमाले वाटलं होतं, जेवढा वर हाये तेवढाच खाली असन. तो येतच राहिला. छातीएवढ्या लाकडाच्या खाली एकावर एक तीन माणसं उभी राहतील एवढं लाकूड, काळं, गुळगुळीत, आन् खालच्या टोकाले चिखल. चिखलात एक गोगलगाय होती. ती हळूच शिंगं काढून चालू लागली. डंपरवाला सरदार होता, त्यानं साखळी सोडली, पैसे न मागता निघून गेला. खांब कवडूनं जळणाले नेला. तो जळला नाई. कवडूची बायको बोलली म्हणे, ह्याच्यावर रॉकेल ओतण्यापेक्षा रॉकेलच पिऊ.

आता खांब नव्हता. पाइपाचा इंडेंट कोणत्यातरी टेबलावर झोपला होता. आन् साहेबाले वरून चिठ्ठी आली का ह्या लाइनीचे आकडे आठवड्याभरात नाई आले तं लाइन पुढच्या वर्षावर ढकलू. मले पुढचा चैत दिसला, आन् टिनाले हात लावणारे मामाजी दिसले.

मी कवडूले बोललो, मीच खांब होतो.

तो बोलला, "भाऊ, तुमी जास्तच मनावर घेऊन राहिले."

"फळी त्याच जागी, त्याच उंचीवर पाहिजे. दुसरं काय हाये आपल्यापाशी?"

खांब निघाला तिथं खड्डा राहिला होता, आतून ढासळून गुडघ्याएवढा उरलेला. मी त्यात उतरलो. डोक्यावर चुंबळ ठेवली, बाया घागरीखाली ठेवतात तशी, चुंबळीवर फळी, फळीवर यंत्र, यंत्रावर कवडूची रिम. दोन्ही हातांनी फळी धरली. कवडू दूर छत्रीखाली मीटर घेऊन बसला. त्यानं दोरीनं उंची पाहिली. खड्ड्यात उभा राहून मी बरोबर खांबाएवढा झालो होतो.

तोंड पश्चिमेले. ऊन पांढरं, सावली नसल्यासारखी. कोक भट्टीचा वास येत होता, डांबरासारखा, मंग तो गेला आन् दुसरा आला. शेवाळाचा. कमळाची देठं सडतात तसा. माझे पाय गार पडले. आधी घोटे, मंग पिंडऱ्या. म्हटलं, खड्ड्यात ओल असन. चांगलंच वाटत होतं खरं तं, तापलेल्या मैदानात.

राधाबाई आली. वळसा घालून नाई आली, सरळ आली, लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून धरलेलं. माझ्यासमोर टोपली उतरवली, डोक्यावर पदर घेतला, कनवटीतून पुडी काढली. मी बोलू शकत नव्हतो, बोललो तं फळी हलली असती आन् पुरा आकडा वाया गेला असता. तिनं माझ्या कपाळाले हळद लावली. गालाले लावली. मानेले लावली.

कवडूकडं वळून बोलली, "बने होइस. सुन्ना रहिस."

बरं झालं म्हणे. सुनं सुनं होतं.

ती गेली तशी कवडूची हाक आली. आवाज थोडा फाटलेला. "भाऊ, जुळलं. पश्चिम जुळली. निव्वळ मुरूम हाये."

उन्हं उतरेपर्यंत मी हललो नाई. आकडा घेतला, फळी थोडी कलवली, परत घेतला. प्रत्येक वेळी जुळलं. बाहेर निघताना पाय निघेना, कवडूनं काखेत हात घालून ओढलं. पाय कोरडे होते. तळवे मात्र पांढरे आन् सुरकुतलेले, दिवसभर धुणं धुतल्यासारखे.

साहेबानं अहवालात लिहिलं का लाकडी खांबातून करंट गळत होता, दोष दूर केला. ऑफिसात चहा झाला. खड्डा मुरूम टाकून बुजवला, रोलर फिरवला. महिन्याभरात स्लॅब पडली, ओली गोणपाटं निघाली, मले चावी मिळाली. पाइप त्याच दिवशी मंजूर झाला.

कलावती पॅसेंजरनं दुर्गले उतरली, सोबत मामाजी. क्वार्टरमधी आल्याबरोबर मामाजी पाणीही न पिता स्टुलावर चढले आन् छताले हात लावला. भर दुपार होती. ते बराच वेळ हात लावून उभे राहिले. उतरून बोलले, "गार हाये. लय गार हाये, जवाईबुवा." दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं खुशीखुशी वापस गेले.

कलावतीनं पश्चिमेच्या खिडकीखाली चूल मांडली. तिले ती खोली आवडली. उजेड लय येते म्हणे. दुपारी छतावर उजेड हलायचा, जाळीजाळीसारखा. ती तांदूळ निवडताना मान वर करून पाहत बसे. मी तिले काही सांगतलं नाई. सांगायसारखं होतं तरी काय. आकडे जुळले होते.

सोमवारी मी जेवणाच्या सुट्टीत सायकलनं घरी आलो. कलावतीनं ताट वाढलं. मंग बोलली, "किती हाका मारल्या मी. आले कावून नाई?"

"ऑफिसात होतो. तेथं तुझी हाक कशी येईन?"

"ऑफिसात नाई. तिथं." तिनं पळीनं खिडकी दाखवली.

मी उठून पाहिलं. मुरूम, पांढरं ऊन. कोणी नाई.

"पाण्यात उतरायचं होतं तं कपडे तरी काढायचे," ती बोलली. "आन् तोंडाले पिवळं काय लावलं होतं?"

माझा हात आपोआप गालाकडं गेला. गाल कोरडा होता, बोटाले काही लागलं नाई.

"काल कमरेपर्यंत पाण्यात होते," ती बोलली. "आज छातीपर्यंत."

"काल रविवार होता, कलावती. काल मी दिवसभर इथंच, तुझ्यासमोर खाटेवर पडलो होतो."

"म्हणून तं काल बोलली नाई मी. म्हटलं, नवी जागा हाये, डोळे दिपले असतील."

छतावरचा उजेड हलत होता. मी आयुष्यभर मोजायचंच काम केलं, तवाही माझ्या तोंडून मोजणाऱ्याचाच प्रश्न निघाला. मी विचारलं, तोंड कोणत्या दिशेले होतं.

"इकडंच. घराकडं. माझ्याकडंच पाहून राहिले होते." तिनं भातावर वरण वाढलं. "पण मागं मागं, खोल पाण्यात जाऊन राहिले होते."